शिकारीची ओळ

हरणाचा डोळा बाभळीच्या काट्याने उघडतात. सुकलेल्या मातीवर तेवढ्याच जागी पाण्याचा एक थेंब सोडायचा, काटा टेकवायचा, हलकेच फिरवायचा आणि श्वास रोखून बाहेर काढायचा. नफरने काटा बाहेर काढला. मागे वळून पाहणाऱ्या हरणाला दिसू लागलं.

तळ्यातल्या बदकांना बोलवायचं ते असं: आय, आय, चोई चोई. ये, ये. आय म्हटलं की बदक येतं, वासरू येतं, रांगणारं पोरही येतं.

काळ्या मडक्याला तीन भोकं. दोन डोळ्यांसाठी, एक नाकासाठी. मानेइतक्या पाण्यात उभं राहून ते डोक्यावर पालथं घातलं की काठावरून वाटतं, कुणीतरी टाकून दिलेलं मडकं तरंगतंय.

जमीनदार चौधरी मोशाय गंगेपार पळाले तेव्हा त्यांनी देव नेला, मोहरीच्या लोणच्याच्या बरण्या नेल्या. शिकारी कुत्रा राहिला.

पश्चिमेकडून घोड्यांवर लुटायला येणाऱ्या बर्ग्यांच्या भाषेतही हाताला हात म्हणतात आणि नाकाला नाक.

भट्टीचा पांढरा धूर दीड दिवस निघतो. चार कोसांवरून दिसतो.

*

"दादा, हे काय केलंस?"

ओच्यातली बदकाची अंडी तशीच धरून खेमंकरी छपराच्या तोंडाशी उभी राहिली. छप्पर म्हणायचं एवढंच. आदल्या संध्याकाळच्या वादळाने अर्धा पेंढा उचलून बांबूच्या बनात नेऊन टाकला होता. उरलेल्या अर्ध्याखाली मातीच्या पाट्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. दोन वर्षांचं काम. चौधरींच्या देवळाच्या पायथ्याला, चारी बाजूंनी फिरणारी शिकारीची ओळ. हरणं, रानडुकरं, हत्ती, हाकारे, साखळीतले कुत्रे, आणि मधोमध भाला रोखलेला घोडेस्वार. काल दुपारपर्यंत ती सगळी जनावरं आंधळी होती.

आता ती तिच्याकडे पाहत होती.

नफर पायांवर बसला होता. काटा अजून चिमटीत होता. पन्नाशीचा माणूस, पण दोन वर्षांत मान इतकी पुढे आली होती की कासव वाटावं.

"एक्केचाळीस झाल्या," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला. कुणाला विचारून?"

"तू हो म्हटलं नसतंस."

खेमंकरीने अंडी एकेक करून टोपलीत ठेवली. हात मोकळे झाल्यावर कपाळाला लावले. सूत्रधाराच्या, म्हणजे देवळं घडवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. कच्च्या मातीचे डोळे उघडले की तिसरा दिवस मावळायच्या आत ती भट्टीत गेली पाहिजे. उघड्या डोळ्यांची कच्ची माती घरात ठेवली तर ती जे पाहते ते घरात घेऊन येते. त्यांच्या बाबांनी एकदा ताप आला असताना अंथरुणातून उठून, लटपटत भट्टी लावली होती, एका मोरासाठी.

"ठरलं काय होतं आपलं?" ती म्हणाली. "बर्गी परत गेल्याची खबर येईल, मग आग. बिंदूचे दिवस भरलेत. तिला घेऊन बारा कोस गंगेच्या घाटापर्यंत चालणार आहेस तू? का मी पाठुंगळी मारू?"

"काल छप्पर गेलं. अजून एक वादळ आलं की हे सगळं पुन्हा चिखल."

"होऊ दे चिखल! चिखलाला कुणी भाला मारत नाही."

आतून हसण्याचा आवाज आला. बिंदू, नफरची एकुलती लेक, दाराची चौकट धरून, पोट पुढे काढून उभी होती. तिचा नवरा गंगेपलीकडे जागा बघायला गेला त्याला दोन महिने झाले होते.

"पिशी, भांडायचं तर बसून भांड. तुझ्या आवाजाने पोर बाहेर येईल," ती आत्याला म्हणाली. मग पाट्यांकडे वाकून पाहिलं. "बाबा, हा वाघ तर चौधरींच्या थोरल्या सुनेसारखा दिसतोय. तशीच बघतेय मेली, तांदूळ मागायला गेलं की."

नफर हसला नाही. खेमंकरीला मात्र हसू आलं आणि त्याचाच राग आला.

"बेचाळिसावी कुठली राहिली?" तिने विचारलं.

नफरने हनुवटीने दाखवलं. घोडेस्वार.

ती जवळ गेली. चौधरी मोशायांनी सांगितलं होतं, शिकारी मी हवा. पगडी माझी, पोट मात्र जरा कमी. पण घोडा चौधरींचा नव्हता. ठेंगणं, काटक तट्टू होतं. पागोटं तिरकं. मिशी दोन्ही गालांवर चढलेली. भाला खाली, पाण्यात काही टोचून बघावं तसा धरलेला.

"हे चौधरी नाहीत."

"मला दुसरा घोडेस्वार येतच नाही," नफर म्हणाला. "करून बघितला. सात वेळा मोडला. हात तिकडेच जातो."

कुठे ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, बर्गी गावात शिरले तेव्हा नफर देवळाच्या परांचीवर चढलेला होता. खाली तळ्यात दोन काळी मडकी तरंगत होती. एकाखाली खेमंकरी. दुसऱ्याखाली, हाताच्या अंतरावर, बिंदूची मा. घोडेस्वार काठावर थांबला. खेमंकरीला भोकांतून फक्त पाणी दिसत होतं. मडकं फुटल्याचा आवाज ऐकू आला, तो आपल्याच मडक्याचा असं तिला कितीतरी वेळ वाटत राहिलं.

नफरला वरून सगळं दिसत होतं. तो ओरडला नाही.

"याचे डोळे मी उघडणार नाही," तो आता म्हणाला. "तसाच जाऊ दे भट्टीत. त्याला दिसायला नको."

"उद्या गुरुवार," खेमंकरी म्हणाली. "लक्ष्मीच्या वारी घरातली आग बाहेर काढायची?"

"लक्ष्मी कधीच गेली गंगेपार. लोणच्याच्या बरण्यांबरोबर."

*

पाटी अकरावी: डुक्कर, भाल्याखाली. तोंड उघडं.

*

भट्टी लावण्याचं काम या घरात बायकांचं. पुरुष घडवतो, बाई भाजते. खेमंकरीने ओली, धुराची लाकडं बाजूला फेकली. चिंचेचे सुके ओंडके घेतले, त्यावर गोवऱ्या. पाट्या पाठीला पाठ लावून रचल्या. प्रत्येकीच्या मागे नफरने रेघांची खूण कोरलेली होती, देवळावर कुठली कुठे बसायची त्याची. वरून चिखल आणि भुसा लिंपून घेतला. पण लाकूड कितीही सुकं असलं तरी मातीच्या पोटातलं पाणी बाहेर पडायचं ते पडतंच.

गुरुवारी उजाडताना आग दिली. घटकाभराने भट्टीला घाम सुटला आणि पांढरा धूर उभा राहिला. वारा नव्हता. धूर ताडाच्या झाडासारखा सरळ वर गेला, आणि वर जाऊन पसरला.

काशडांगा गावात आणखी धूर नव्हता. सत्तर घरांपैकी तीन घरांत माणसं होती, आणि त्यांनीही चुली विझवल्या असाव्यात. दुपारी त्यातला एक म्हातारा विणकर काठी टेकत आला, कुंपणाबाहेरूनच ओरडला.

"ए जळक्या तोंडाच्या नफरा! ढोल पण लाव की! तेवढाच कशाला बाकी ठेवतोस?"

नफरने आणखी एक ओंडका आत सारला. म्हातारा थुंकला आणि सुनेला घेऊन उसाच्या शेतात जाऊन बसला.

रात्रभर त्यांनी आळीपाळीने आग राखली. शुक्रवारी सकाळी खेमंकरीने पांता भातात, रात्रभर पाण्यात ठेवलेल्या शिळ्या भातात, मीठ कालवून बिंदूला दिलं. बिंदूने दोन घास खाल्ले आणि वाडगं सरकवलं.

"पाठ भरून आलीय पिशी."

"आज नाही. आज धरून ठेव."

"माझ्या हातात आहे होय? हा बापावर गेलाय, विचारून येणार नाही."

खेमंकरीने बिंदूला आतल्या खोलीत चटईवर निजवलं. कोपऱ्यात ते तीन भोकांचं मडकं पालथं होतं. बिंदूने त्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे.

"दोघांना एक मडकं पुरत नाही ना?" ती म्हणाली.

खेमंकरीने कांबळं ओढून मडक्यावर टाकलं.

*

पाटी तेवीस: कुत्रा, कान उभारलेला. चौधरींच्या कुत्र्यावरून.

*

तो कुत्राच आधी उठला. ऊन डोक्यावर आलं होतं. खेमंकरी भट्टीच्या अंगावर पडलेल्या भेगा ओल्या मातीने बुजवत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. कुत्रा सावलीतून उठला, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. भुंकला नाही. शिकारी कुत्रे भुंकत नाहीत, नुसते उभे राहतात.

"दादा," ती हळूच म्हणाली.

नफरनेही पाहिलं होतं. तो भट्टीला पाठ लावून खाली बसला. भट्टी तापलेली होती. त्याला चटका बसला असणार, पण तो हलला नाही.

आंब्याच्या राईतून एक माणूस येत होता. घोडा नव्हता. भाला काठीसारखा टेकत होता. पागोटं सोडून त्याने कुशीवर दाबून धरलं होतं, आणि ते विटेच्या रंगाचं झालं होतं. तो धुराकडे पाहत होता. मग त्याला तळं दिसलं. तिथवर तो पोचला, भाला हातातून सुटला, आणि काठावरच्या चिखलात तो उताणा पडला. डोकं पाण्याकडे, पाय घराकडे.

एकटाच. पण बर्गी एकटे नसतात. एक दिसतो तेव्हा मागे शंभर असतात. हे या मुलखात दुधपित्या पोरालाही ठाऊक होतं.

खेमंकरी थांबली. राईकडे पाहिलं. पानही हलत नव्हतं. मरत असेल तर मरू दे, तिच्या मनात आलं. गप्प मरू दे.

"आय," तो माणूस म्हणाला.

तळ्याच्या मध्यावरची बदकं वळली.

"आय… आय गं…"

बदकं काठाकडे निघाली. आवाज मोठा झाला. खेमंकरीने पुन्हा राईकडे पाहिलं. हाताला हात म्हणतात, नाकाला नाक. ये, ये. तो त्यांना बोलवत होता. राईपलीकडे जे कोणी होते त्यांना.

"दादा, त्याला गप्प कर."

नफरचे ओठ हलले. त्यातून काही निघालं नाही. दोन वर्षांपूर्वी परांचीवर निघालं नव्हतं तसंच.

"आय!"

घरातून बिंदूचा आवाज आला. "पिशी? कोण हाक मारतंय? पिशी!"

खेमंकरी धावली नाही. धावलं की पायांचा आवाज होतो. उतारावरून ती भराभर खाली गेली, हातात भेगा बुजवायच्या मातीचा गोळा होता तो तसाच. त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"चूप," ती म्हणाली. "चूप. एकदम चूप."

त्याने डोळे उघडले. तिला पाहिलं. तिचं पांढरं लुगडं, पांढरे होत आलेले केस. त्याने हात उचलून तिच्या पदराचा काठ मुठीत धरला. आणि पुन्हा तेच म्हणाला, आता हळू, पण तिच्याकडे बघून.

"आय."

तिने मातीचा गोळा त्याच्या तोंडावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबला. माती मऊ होती, चांगली मळलेली. तीच भेगांत जाते आणि हवा शिरू देत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बदकांकडे पाहिलं. बदकं सात होती. मग ती पुन्हा मोजली. सातच होती. पदराला ओढ लागली होती ती एकेका बोटाने सुटत गेली, आणि सगळी सुटल्यावरही ती दाबूनच राहिली.

बदकं त्याच्या डोक्याशी येऊन थांबली, दाणे पडायची वाट बघत.

*

मग ती तिघं थांबली. खेमंकरी कोयता घेऊन बिंदूच्या दारात, नफर भट्टीशी, कुत्रा राईकडे तोंड करून. ऊन कललं. राईतून कुणी आलं नाही. एका जागी उभ्या उभ्या खेमंकरीच्या हातांवरची माती वाळली आणि तिला तडे गेले. सूर्य ताडांमागे गेला तेव्हा कुत्रा कंटाळून आडवा झाला. भट्टीचा धूर पातळ, निळसर होऊन कधी दिसेनासा झाला, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"आले नाहीत," नफर म्हणाला.

"मी गप्प केलं म्हणून," खेमंकरी म्हणाली.

तळ्याकडे आधी ती गेली, मागून तो. माती खणून खणून झालेल्या खड्ड्यात त्याला नेताना त्याच्या कमरेच्या फडक्यातून एक जाड, काळपट, चपटी चकती पडली. कडक, कडांना फुटलेली. नफरला वाटलं भाजलेल्या मातीची पाटी. खेमंकरीने उचलून वास घेतला. पिठाची होती. एका अंगाला बोटं उमटलेली होती, ओली असताना थापून थापून वाढवल्याची. मातीवर उमटतात तशीच. तिने आपली बोटं त्या ठशांवर ठेवली आणि लगेच काढून घेतली. चकती त्याच्या छातीवर ठेवली. मग तोंड पुसलं त्याचं. माती निघता निघत नव्हती.

"पिशी!" घरातून किंकाळी आली. "पिशी गो!"

*

दिवेलागणीपासून बिंदू चटईवर तळमळत होती. खेमंकरीने मोहरीचं तेल कोमट करून तिच्या पोटाला लावलं, पाठीला टेकू दिला.

"तोंडात पदर धर. आवाज नको."

बिंदूने पदर दातांखाली धरला. कळ आली तेव्हा तो सुटला.

"मा! मा गो… मा…"

खेमंकरीचा हात तेलाच्या वाटीतच राहिला.

"मा…"

तो आवाज तिने ऐकला होता. शब्द हा नव्हता. पण तो असाच, वर चढून मध्येच मोडलेला, दाराकडे न जाता छपराकडे गेलेला. राईकडे न गेलेला.

"कुणाला बोलवतेस तू?" तिने विचारलं.

बिंदूने घामाने भिजलेलं तोंड वळवलं. "काय?"

"कुणाला बोलवतेस? कोण येणार आहे?"

"वेडी झालीस का पिशी? कोण येणार? मा गेली ते मला ठाऊक नाही होय? येतंच ते तोंडात." तिने खेमंकरीचा पदर धरला, काठाला, मुठीत. "तू नको कुठे जाऊस."

खेमंकरी कुठे गेली नाही. मूठ सुटेपर्यंत ती तशीच वाकून बसली. पोर झालं, मुलगी झाली, ती रडली, आणि तिला गप्प कर असं खेमंकरीने कुणालाही सांगितलं नाही.

*

सोमवारी भट्टी उघडली. बेचाळीस पाट्या, एकीलाही तडा नाही. तांबड्या, टणटण वाजणाऱ्या. नफर एकेक काढून, फुंकर मारून राख उडवत होता आणि ओळीने मांडत होता. हरीण मागे वळून पाहत होतं. डुक्कर पाहत होतं. वाघ पाहत होता. घोडेस्वार हातात आल्यावर तो थांबला, आणि पाटी दगडावर आपटायला वर उचलली.

"राहू दे," खेमंकरी म्हणाली. नातीला मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली होती.

"तोच आहे हा."

"याला मिशी आहे," ती म्हणाली.

"असणारच. होतीच त्याला."

"त्याला नव्हती. अजून फुटायची होती."

नफर तिच्याकडे बघत राहिला. मग खड्ड्याकडे. मग त्याने पाटी खाली ठेवली, ओळीतल्या तिच्या जागी, आणि फडक्याने ते बिनडोळ्यांचं तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी बदकं तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेली होती. खेमंकरी काठावर उभी राहिली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग घरात जाऊन नारळाची करवंटी आणली आणि ती दगडावर वाजवू लागली. बदकांना कळेना. ती कितीतरी वेळ वाजवत राहिली. पुढच्या सगळ्या वर्षांत तिने त्यांना तसंच बोलावलं, आणि बिंदूची लेकही बदकांना तसंच बोलवायला शिकली.

देऊळ उभं राहिलं. शिकारीची ओळ बसली. तिथला शिकारी आंधळा का, असं पुजारी विचारायचे. नफर म्हणायचा, विसरलो.

बर्ग्यांची त्या सालातली शेवटची तुकडी दामोदर नदी उतरून पश्चिमेला गेली, तो मंगळवार होता. भट्टी पेटली गुरुवारी.